सुर्ल्याचा मुक्काम: ऑक्टोबरचा पाऊस आणि सामानावरचे आकडे

रस्ता पणजी, साखळी, केरी, चोर्ला घाट आणि तिथून सुर्ला. साखळीपर्यंत कदंबच्या बसगाड्या भरपूर आहेत, पण घाट चढायला आपलं वाहन असलेलं बरं. सुर्ला गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या परिसरात येतं, त्यामुळे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मनाला येईल तिथे तंबू ठोकू नका. आमचा मुक्काम गावातल्या एका घराच्या आवारात होता, घरमालकांना आधी विचारून. जंगलात शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी हवी. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो. पहिला गडगडाट ऐकू आला की उघडा सडा सोडायचा.

सामान विकत घेताना लेबलावरचे बहुतेक आकडे थंडीच्या हिशेबाने वाचले जातात. गोव्यात थंडी हा प्रश्नच नाही, प्रश्न दमटपणाचा आहे. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, ते यावरूनच ठरतं.

तंबूवर ‘३००० मिमी’ असं लिहिलेलं असतं. कापडावर पाण्याचा तेवढा उंच स्तंभ उभा केला तरी पाणी आत येत नाही, असा त्याचा अर्थ. वरच्या फ्लायला, म्हणजे तंबूच्या बाहेरच्या आवरणाला, १५०० ते २००० मिमी पुरतात, कारण पावसाच्या थेंबांचा दाब फार नसतो. खरी कसोटी तळाची. एका गुडघ्यावर ३० किलो भार आला आणि तो ३० चौरस सेंटिमीटरवर पडला, तर दाब चौरस सेंटिमीटरला १ किलो होतो, म्हणजे १०,००० मिमीच्या बरोबरीचा. ओल्या जमिनीवर गुडघे टेकले की तळातून ओल येते ती यामुळे. खाली ग्राउंडशीट घाला, पण ती चारही बाजूंनी तळापेक्षा ५ सेंटिमीटर लहान हवी. बाहेर डोकावणाऱ्या कडेवर पाऊस साचतो आणि तेच पाणी तंबूखाली सरकतं.

‘२०डी’, ‘७०डी’ हे डेनियर, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. फ्लाय २०डी चालेल, तळ मात्र ७०डीच्या खाली घेऊ नका. जांभ्याचे खडे पातळ कापडाला सहज भोकं पाडतात.

पहाटे फ्लायच्या आतून पाणी टपकलं की तंबू गळतो असं वाटतं. टॉर्च लावून नीट पाहा. कापडभर सारखे बारीक थेंब असतील तर ती आपल्याच श्वासाची वाफ. शिवणीच्या रेषेत किंवा एकाच कोपऱ्यात धार असेल तर ती गळती, आणि मग शिवणीवरची टेप तपासायची. वाफेवर उपाय हवा खेळती ठेवण्याचा. म्हणून दोन थरांचा, आतून जाळीचा तंबू घ्या, व्हेंट उघडे ठेवा आणि फ्लाय आतल्या जाळीला टेकू देऊ नका. नायलॉनचा फ्लाय भिजला की सैल पडतो, तेव्हा झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा एकदा ताणा. पॉलिएस्टर हा त्रास कमी देतं.

सड्यावर खुंट्या रुतत नाहीत. दांड्यांवर आपोआप उभा राहणारा, फ्रीस्टँडिंग तंबू न्या आणि दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. दोरी दगडाच्या धारेवर घासू नये म्हणून तिथे कापडाची घडी ठेवायची.

स्लीपिंग बॅगवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. निवड कम्फर्टवरून करा. एक्स्ट्रीम हा जीव कसाबसा तगण्याचा आकडा आहे, झोपेचा नव्हे. इथे कम्फर्ट १५ अंशांची पातळ सिंथेटिक बॅग पुरेशी आहे. पिसांची बॅग दमट हवेत गोळा होते आणि ऊब देत नाही. मॅटचा आर-व्हॅल्यू, म्हणजे जमिनीचा गारवा अडवण्याचा आकडा, १ ते २ असला तरी बास. महागड्या ‘ब्रीदेबल’ जॅकेटचंही तसंच. आतली वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी लागते. आपल्या पावसात ती नसते, मग जॅकेट आतून घामाने भिजतं. पोंचो बरा.

कड्यावर चढणार किंवा उतरणार असाल तर दोराच्या बाबतीत मात्र तडजोड नको. डायनॅमिक दोर, युरोपीय मानक ईएन ८९२, हा चढाईसाठी. तो ताणला जातो आणि पडणाऱ्याचा हिसका झेलतो. स्टॅटिक किंवा सेमी-स्टॅटिक, ईएन १८९१, हा रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून कडा उतरण्यासाठी. त्याला ताण फार कमी. स्टॅटिक दोरावर लीड चढाई केली, म्हणजे दोर खालून वर नेत पुढे चढलात, आणि पडलात, तर सगळा धक्का शरीर आणि अँकर (दोर बांधलेला आधार) यांनाच बसतो. लेबल नसलेला बाजारातला दोर यांपैकी कशालाच वापरू नका.

कॅराबिनरच्या, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीच्या, पाठीवर ‘केएन’चे तीन आकडे कोरलेले असतात. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोंचा भार. लांबीच्या दिशेने किमान २० मिळतात, आडवा पडला की जेमतेम ७, गेट (कडीची उघडणारी दांडी) उघडं असलं तरीही साधारण तेवढेच. म्हणून स्क्रूगेट, म्हणजे गेटला पेच असलेला कॅराबिनर, लावायचा, पूर्ण फिरवायचा, आणि भार देण्यापूर्वी बोटाने गेट दाबून पाहायचं. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, त्यात अँकर ठोकू नका. दोन वेगवेगळ्या जाड, जिवंत झाडांना स्वतंत्र स्लिंगा (मजबूत पट्ट्यांचे वेढे) बांधा. कड्याच्या धारेवर दोराखाली रोप-प्रोटेक्टर हवाच, कारण जांभ्याचा पृष्ठभाग दोराचं वरचं आवरण सोलून काढतो. बॅकअपच्या प्रूसिकला, म्हणजे भार आला की दोरावर आवळणाऱ्या वेढ्यांच्या गाठीला, ११ मिमी दोरावर ६ मिमीची कॉर्ड घ्या. ओल्या दोरावर ती घसरू शकते, म्हणून एक वेढा वाढवून आधी जमिनीलगत भार देऊन पाहा. रॅपलिंगची ही पहिली वेळ असेल तर जाणकाराशिवाय कड्याजवळ जाऊ नका.

गॅसचा डबा विमानात न्यायला बंदी आहे, चेक-इन बॅगेतही. बाहेरून येणाऱ्यांनी तो इथेच घ्यावा. ब्युटेनचा उकळबिंदू शून्य अंशाच्या आसपास असतो. त्यामुळे गोव्याच्या हवेत साधा ब्युटेनचा डबाही नीट पेटतो, महाग मिश्रणाची गरज नाही. लिटरभर पाण्याला १२ ते १५ ग्रॅम गॅस धरा. वाऱ्याचा आडोसा डब्याभोवती गुंडाळू नका, डबा तापतो. हेडलॅम्पवर आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून बचाव. आयपीएक्स ७ असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो.

घरी आल्यावर ओला तंबू पिशवीत ठेवू नका. पॉलियुरेथेनचा लेप ओल्या उष्ण हवेत विघटित होतो, आधी आंबूस वास येतो, मग कापड चिकट होतं आणि लेप परत येत नाही. बुटांच्या मधल्या तळव्याचंही हेच होतं. कपाटात काही वर्षं पडलेला, दिसायला नवा बूट वाटेतच तळवा सोडतो, म्हणून निघण्याआधी अंगठ्याने तळवा दाबून आणि बूट वाकवून पाहा. दोर साध्या पाण्यात धुऊन सावलीत, सुटा पसरून वाळवा. समुद्राकाठी वापरलेले कॅराबिनर गोड्या पाण्याने धुवा, मिठाने गेटची स्प्रिंग अडकते. वाळले की बिजागरीत थोडं वंगण सोडा आणि जादा असेल ते पुसून घ्या.