सुरजबारीचं मीठ: कच्छला गाडी घेऊन जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

२४ डिसेंबरला सोलापुरातून निघालो, ३ जानेवारीला परत आलो. कच्छ, दोन बुलेट, मी आणि माझे दाजी, तीन हजाराला थोडे कमी किलोमीटर. रण सुंदर आहे, धोलावीरा सुंदर आहे, त्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, मी त्यावर लिहीत नाही. मी लिहितोय मिठावर. कारण निघायच्या आधी जेवढ्यांना विचारलं तेवढ्यांनी एकच सांगितलं, थंडीत चाललायस ना मग टेन्शन घेऊ नको, पाऊस नाही चिखल नाही, सगळं कोरडं, गाडीला काय होतंय. हे साफ चूक आहे. माझ्या पुढच्या शॉकपच्या, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरच्या, दोन्ही नळ्या गेल्या, चेन गेली, रिमच्या क्रोमवर फोड आले, आणि हे सगळं घरी आल्यावर, कव्हरखाली उभ्या गाडीला झालं. दहा हजाराच्या आसपास खर्च आला आणि त्यातला निम्म्याहून जास्त टळला असता.

लांबचं रायडिंग केलंय, चेन स्वतः टाइट करता येते, पाने सोबत असतात असं धरूनच पुढचं लिहितोय.

नगर, नाशिक, सापुतारा, सुरत, अहमदाबाद, इथपर्यंत सांगण्यासारखं काहीच नाही, रस्ते चांगले. खरा विषय सुरू होतो अहमदाबादच्या पुढं. विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद करत माळियाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. माळिया ते सामखियाळी हा तीसेक किलोमीटरचा २७ नंबर हायवेचा पट्टा, मधे सुरजबारीचा खाडीवरचा पूल, दोन्ही बाजूला मिठागरं आणि मिठाचे ढीग. रस्ता रुंद आहे, खड्डे नाहीत, म्हणून कुणी त्याचं नाव घेत नसेल. पण या रस्त्यावरून मिठाचे ट्रक चालतात आणि ते मीठ ओलं असतं. फाळक्याच्या फटीतून खारं पाणी गळत असतं, डाव्या लेनमधे त्याची काळी चकाकणारी पट्टी पडलेली, आणि ट्रकची मागची चाकं तेच पाणी उडवतात. मला आधी वाटलं रस्त्यावर टँकरने पाणी मारलंय. व्हायजरवर बारीक थेंब यायला लागले, ग्लोव्हजने पुसले तर पांढरे ओरखडे उठले, ओठावरून जीभ फिरवली तर खारट, तेव्हा कळलं. अंधार पडत होता, ओव्हरटेक करायला समोरचं नीट दिसत नव्हतं म्हणून आम्ही शहाण्यासारखं ट्रकच्या मागं मागं राहिलो, म्हणजे पाऊण तास गाडीला मिठाच्या पाण्याची अंघोळ.

भचाऊला मुक्काम केला. सकाळी सीट आणि टाकी कोरडी होती, पांढरी पावडर धरलेली, पण इंजिनच्या खाली, स्टँडच्या स्प्रिंगजवळ, बेंड पाइपच्या (इंजिनमधून निघणारी धुराची नळी) मागं हात फिरवला तर ओलसर, चिकट. रात्रभर उभी गाडी ओली कशी? याचं उत्तर मला परत आल्यावर मिळालं आणि ते समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर आहे. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या वर ओलावा असला की पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. पण मिठागरातल्या ओल्या मिठात नुसतं खायचं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि त्याला ३३ टक्के ओलावा पुरतो. म्हणजे आपल्याला कोरडी वाटणारी हवा त्याला ओली आहे. गाडीच्या सांदीत बसलेला हा थर वाळतच नाही, तो पातळ पाण्याचा लेप बनून राहतो, त्यातून गंजाचं काम चोवीस तास चालू. शिवाय त्यातला क्लोराइड स्टेनलेस आणि अॅल्युमिनियमवरचा जो मुळातला संरक्षक पापुद्रा असतो तोच फोडतो, म्हणून स्टेनलेसचा बोल्ट आहे, गंजत नाही, हे सुद्धा इथं खरं नाही.

थंड देशांत बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठच टाकतात, २३ टक्के मीठ असलेलं पाणी उणे २१ अंशापर्यंत गोठत नाही म्हणून, आणि तिथले बरेच लोक हिवाळाभर मोटरसायकल बाहेरच काढत नाहीत किंवा रोज रात्री धुतात. आपल्याकडं रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही म्हणून आपल्याला हा विषयच माहीत नाही. सुरजबारीला ते आपोआप पडतंय.

पुढचे पाच दिवस भूज, काळा डुंगर, धोर्डो, खावडा ते धोलावीरा. खावडा-धोलावीरा रस्त्यावर दोन्ही बाजूला रण आहे, आम्ही गेलो तेव्हा पाणी होतं, रस्ता कोरडा, कडेला थांबून मिठात गाडी उतरवू नका एवढंच. फोटोसाठी पांढऱ्यावर चाक घालणारे बघितले, वर कडक दिसतं, खाली काळा खारा चिखल असतो. आनंदाचे दिवस होते, गाडीकडं लक्ष नव्हतं, हे कबूल. भूजच्या लॉजवर दोन बादल्या पाणी मागितलं असतं तर मिळालं असतं. मागितलं नाही. येताना परत तोच रस्ता, परत तेच ट्रक.

३ तारखेला रात्री घरी पोचलो, अंग मोडून आलं होतं. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. म्हटलं पाणी आलं की निवांत धुऊ, आणि गाडीवर कव्हर टाकलं. पाणी आलं तेव्हा घरचं भरण्यात गेलं, मग गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गडबडीला सुरुवात झाली, नऊ दिवस गेले. या प्रवासातली सगळ्यात मोठी चूक सुरजबारी नाही, हे कव्हर आहे. कव्हरखाली हवा खेळत नाही, रात्रीचा ओलावा आत अडकतो, आणि मिठाला तेवढंच पाहिजे असतं.

कव्हर काढलं तेव्हा स्पोक जिथं निपलमधे (रिमवरच्या छोट्या नटमधे) शिरतो तिथं प्रत्येकाला तपकिरी रिंग होती, मोजून प्रत्येकाला, आणि निपलवर पांढरा फुलोरा. नखाने खरवडलं की पांढरं निघायचं आणि खाली केशरी. ब्रेक कॅलिपरच्या अॅलन बोल्टच्या खड्ड्यात मीठ साचून गंज धरलेला, त्यात अॅलन की (बोल्ट फिरवायचा पाना) बसेना. चेनच्या तीन कड्या वाकलेल्या स्थितीतच अडकलेल्या. आणि शॉकपच्या नळीवर, ऑइल अडवणाऱ्या सीलच्या दोन बोटं वर, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. दिसायला काहीच नाही. नख फिरवलं की अडकतं. मिस्त्री चाचांनी तेवढं बघितलं आणि म्हणाले, "हे पुसून जाणार नाही आता. ब्रेक मारला की हे सीलला घासणार, सील फाटणार, ऑइल डिस्कवर येणार. नळ्या बदल." दोन्ही नळ्या, सील, ऑइल, मजुरी मिळून साडेपाच हजार. चेन-स्प्रॉकेट वेगळं.

आता कोटिंगबद्दल, कारण राग त्याचाच जास्त आहे. निघायच्या आधी एका वॉशिंग सेंटरवर मी अठराशे रुपये देऊन अँटी रस्ट कोटिंग करून घेतलं, पाणी मीठ काही टिकणार नाही म्हणाले. त्यांनी टाकी, साइड पॅनेल आणि मडगार्डचा वरचा भाग चमकवला. गंज तिथं लागतच नाही, तिथं रंग आहे. मीठ बसतं इंजिनखाली, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा दांडा) आत, स्टँडच्या पिव्होटमधे, मडगार्डच्या आतल्या कडेला, आणि तिथं त्यांचा हात गेलाच नव्हता. मी समोर उभा होतो, मी बघितलंय. अठराशे पूर्ण वाया. कुणी कोटिंग विकत असेल तर एकच विचारा, चाक काढून आतून मारणार का. नाही म्हणाले की उठून या.

परत आल्यावर दुसरीकडं एकाने डिझेल आणि जुनं काळं ऑइल फवाऱ्याने मारून देतो म्हटलं, अडीचशे रुपयात. चाचांनी नाही म्हणून सांगितलं आणि बरोबर सांगितलं. डिझेल ग्रीस पातळ करून धुऊन काढतं, रबर फुगवतं, आणि डिस्कवर किंवा ब्रेक शूवर उडालं तर जीवावर बेततं.

मग करायचं काय. निघायच्या आधी गाडी धुऊन पूर्ण वाळवा, एक दिवस उन्हात जाऊ द्या, आणि मग खालच्या सगळ्या उघड्या धातूला पातळ लेप द्या. लॅनोलिनवाला स्प्रे मिळाला तर सगळ्यात चांगला, लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं तेल, न धुतलेल्या लोकरीच्या घोंगडीवर पाणी ठरत नाही ते त्याच्यामुळं, आपल्या भागात हे वेगळं समजावून सांगायला नको. डब्ल्यूडी ४० पाणी हुसकवायला चांगलं आहे पण त्याचा थर फार पातळ, तीन हजार किलोमीटरला पुरत नाही. स्पोकच्या निपलना आणि बॅटरी टर्मिनलला व्हॅसलीन, कपलर (वायरींचे जोड) उघडून आत सिलिकॉन ग्रीस, अॅल्युमिनियममधे जाणारे स्टीलचे बोल्ट काढून अँटी सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं ग्रीस) लावून परत बसवा, नाहीतर दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, बोल्ट असा जाम होतो की डोकं तुटतं. डिस्क, पॅड, शू आणि टायरला यातलं काहीही लागता कामा नये. शॉकपच्या नळीवर सिलिकॉनचा हात फिरवा, फक्त सिलिकॉन.

वाटेत, मिठाचा पट्टा ओलांडला की त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा. गरम पाणी नको, गरमीने गंजाची क्रिया वेगात होते. प्रेशर गन सुद्धा नको, ती मीठ बेअरिंगच्या सीलमधे आणि कपलरमधे कोंबते. बादली, मग, आणि वेळ. वरून खाली, मग खाली वाकून मडगार्डच्या आत, स्विंगआर्मवर, स्टँडवर. बेकिंग सोडा टाका असं काही जण सांगतात, त्याने काही होत नाही, सोडा आम्लाला मारतो आणि मीठ आम्ल नाहीच, ते फक्त वाहून न्यावं लागतं. धुतल्यावर दहा किलोमीटर फिरवून आणा, ब्रेक मारत मारत, म्हणजे डिस्क वाळते, आणि चेन कोमट असतानाच नव्वद नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने लावून जास्तीचं जुन्या टॉवेलने पुसून घ्या.

पाण्याबद्दल आपल्याकडची एक गोष्ट. बोरचं पाणी खारट आहे म्हणून त्याने धुवायचं टाळू नका, मिठागराच्या पाण्यापुढं बोरचं पाणी काहीच नाही, पहिले पाच-सहा बादल्या तेच वापरा. शेवटच्या दोन बादल्या मात्र नळाच्या. आणि आरओचं वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुतात बरेच जण, एरवी ठीक, पण या कामाला शेवटी ते मारू नका, फिल्टरने काढलेले सगळे क्षार त्यातच असतात.

सगळ्यात सोपं म्हणजे तो पट्टाच टाळा. अहमदाबादहून मेहसाणा, राधनपूर, सांतलपूर करून सामखियाळीला या, सुरजबारी लागत नाही. माळियावरूनच जायचं असेल तर भर दुपारी जा, ओली पट्टी दिसते, ट्रकच्या मागं राहू नका, आडव्या वाऱ्याला ट्रकची कोणती बाजू कोरडी राहते ते बघून जागा मिळाली की पुढं निघा. दाजींनी येताना तेच केलं होतं, आणि भूजला मी झोपलो असताना पहाटे गाडीवर दोन बादल्या ओतल्या होत्या. त्यांच्या नळ्यांवर एक ठिपका नाही. त्यांची गाडी माझ्यापेक्षा चार वर्षांनी जुनी आहे.

माझी आता चालू आहे, आवाज नाही, गळती नाही. रिमचं क्रोम ब्रासच्या ब्रशने घासून बघितलं, जिथं फोड फुटलेत तिथं आता वॅक्स लावून ठेवण्यापलीकडं काही नाही. मागच्या मडगार्डची आतली कड राहिलीय, ती पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड मारायचाय, त्यासाठी चाक उतरवून ठेवलंय आणि नळाला पाणी यायची वाट बघतोय.