रविवारचं बुलेटिन शनिवारी रात्री करू नका

चर्चचं बुलेटिन, म्हणजे रविवारच्या उपासनेचा क्रम आणि सूचनांचा छापील कागद, नेमकं कुणासाठी, हे ठरलं की निम्मे प्रश्न सुटतात. कमिटीला, क्वायरला, महिला मंडळाला सूचना आधीच ठाऊक असतात. कागदाची खरी गरज असते ती पहिल्यांदाच चर्चमध्ये आलेल्या माणसाला आणि फोन न वापरणाऱ्या आजीला. म्हणून ‘सभा नेहमीच्या ठिकाणी’, ‘वेळ ठरल्याप्रमाणे’ असले शब्द त्यात येताच कामा नयेत.

पुण्यात देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी, त्यामुळे वेळापत्रक तो दिवस धरून आखावं. शास्त्रपाठ, गीतं आणि संदेशाचा विषय पाळकसाहेबांकडून मंगळवारी घ्यायचा. सूचना बुधवारी रात्री आठपर्यंत. गुरुवारी लॅपटॉप चार्ज असेल तेवढ्यात मांडणी, शुक्रवारी तपासणी, शनिवारी सकाळी छपाई. उशिरा आलेली सूचना व्यासपीठावरून तोंडी सांगितली तरी चालते. तिच्यासाठी तयार पान मोडलं की पुढच्या आठवड्यापासून मुदत कुणी पाळत नाही.

सर्वांत सोयीचा आकार म्हणजे ए-फोर कागद आडवा धरून मधोमध घडी, चार पानं. बाहेरच्या बाजूला डावीकडे पान ४, उजवीकडे पान १. आत २ आणि ३. दोन्ही बाजूंनी छापताना कागद आखूड कडेवर उलटेल अशी सेटिंग हवी. लांब कड निवडली तर आतली पानं उलटी येतात. मजकूर चार पानांत मावला नाही तर टाइप बारीक करू नका, सूचना कापा. मजकूर १२ पॉइंट, गीतांचे शब्द १३. ज्येष्ठांसाठी याच ए-फाइव्ह पानांची झेरॉक्स १४१ टक्क्यांवर काढली की प्रत्येक पान बरोबर ए-फोरवर येतं आणि १२ पॉइंटचं अक्षर सतराच्या आसपास जातं. वेगळी मांडणी करावी लागत नाही. अशा दहा प्रती दाराशी ठेवाव्यात, आणि त्या मागायला लागू नयेत, स्वागतकानेच पुढे कराव्यात.

खरी डोकेदुखी फॉन्टची. श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं, आणि जुन्या फायली अजून त्यात किंवा तसल्याच फॉन्टमध्ये असतात. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या फोन-संगणकांच्या सर्वसाधारण पद्धतीत, आणताना ‘ख्रिस्त’मधली वेलांटी सरकते, ‘दुसऱ्या’चा ऱ तुटतो, ‘ऑ’चा चंद्र उडतो. रूपांतर झालं की हे तीन शब्द शोधून पाहा. ते शाबूत असतील तर बाकीचा मजकूर बहुधा नीट आलेला असतो. छपाईच्या दुकानात वर्डची फाइल देऊ नका. त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट नसला की ओळी पळतात. फॉन्ट आत समाविष्ट केलेली पीडीएफच द्या.

पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, उघड्या रिममधला कागद दमट होतो. मग दोन-दोन कागद एकत्र ओढले जातात आणि दुसरी बाजू छापताना कडा वळून अडकतात. लागेल तेवढाच गठ्ठा बाहेर काढा, उरलेला प्लास्टिकमध्ये बंद ठेवा.

तपासणी दोघांनी करावी: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ चिठ्ठीवर बोट ठेवायचं. नावं आणि आकडे डोळ्यांना फसवतात, कानांना तितके फसवत नाहीत. शास्त्रपाठाचं वचन पवित्र शास्त्र उघडूनच पडताळा. ‘लूक १५:११-३२’मधला एक आकडा हलला तर वाचणारा अर्ध्या दाखल्यावर, म्हणजे येशूने सांगितलेल्या गोष्टीच्या मध्येच, थांबतो. गीताला ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातला क्रमांक आणि पहिली ओळ दोन्ही द्या, कडवी गाळायची असतील तर तेही लिहा.

सूचनेत वार आणि तारीख दोन्ही हवेत. सर्वांत जास्त चुका तिथेच होतात आणि दोन्ही असले की त्या लगेच दिसतात. ‘उद्या’, ‘पुढच्या रविवारी’ नको, कारण कागद मंगळवारीही वाचला जातो. रस्तेबंदीचा इशाराही बुलेटिनमध्येच द्यावा. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी आली आणि मिरवणूक रविवारीही चालूच होती. कसब्यातलं ब्रदर देशपांडे चर्च किंवा पंचहौदाचं पवित्र नाम देवालय गाठणाऱ्यांना अशा वेळी गाडी कुठे लावायची आणि कुठून चालत यायचं, हे दोन आठवडे आधी कळायला हवं. मॅरेथॉनच्या रविवारचंही तसंच.

आजाऱ्यांची नावं घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नयेत. विचारल्यावरही फक्त नाव. आजार, हॉस्पिटल, वॉर्ड काही नाही. प्रार्थनेला तेवढं पुरतं. मुलांचे वाढदिवस पूर्ण जन्मतारखेसह देण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. दानाचा क्यूआर कोड अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि त्याखाली स्क्रीनवर दिसणारं खात्याचं नाव छापा, म्हणजे पैसे भलत्याच खात्यात जात नाहीत.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. नव्या कुटुंबांना नेमकं तेच ठाऊक नसतं. फक्त ॲडमिन लिहू शकतील असा ग्रुप बरा. सुप्रभात आणि फुलांच्या गर्दीत अंत्यविधीची वेळ हरवणं फार वाईट. बुलेटिन फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं पुसट होतात. मजकूर लांब असेल तर पहिल्या दोन ओळींत काय, कधी, कुठे आलंच पाहिजे. पुढचं ‘अधिक वाचा’मागे जातं.

वेळ चुकीची गेली तर पंधरा मिनिटांत संदेश बदलता येतो, पण तोवर तो पुढे गेलेला असतो. त्यामुळे गुपचूप बदलू नका. जुना संदेश सगळ्यांसाठी डिलीट करा आणि नवा ‘सुधारित’ या शब्दाने सुरू करून पाठवा. छापील प्रती निघून गेल्या असतील तर दारावर मोठ्या अक्षरात कागद लावा आणि उपासनेत दोनदा सांगा, सुरुवातीला आणि आशीर्वादाआधी, कारण उशिरा येणाऱ्यांनी पहिली सूचना ऐकलेली नसते.