शारोचे बाबा

झिंबाब्वेतल्या शोना भाषेत आईला 'माई' म्हणतात आणि वडिलांना 'बाबा'. हरारेत उतरल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी हे मला कळलं, आणि इतक्या लांब येऊन पडल्याचं दुःख निम्म्यानं कमी झालं. तिथं मोठ्या माणसाला त्याच्या नावानं सहसा हाक मारत नाहीत. पोराच्या नावाआधी माई किंवा बाबा लावायचं, की झालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांना मी नुसतंच 'माई' म्हणायचे आणि त्या मला. "माई, दूध संपलं." "असू दे माई, उद्या आणू." आमच्या बाकीच्या संभाषणाचं इंग्रजी दोन्ही बाजूंनी यथातथाच होतं, पण या एका शब्दावर २०११ ते २०१५ ही चार वर्षं सुखानं निघाली.

माईंच्या एप्रनच्या खिशात एक छोटा फोन असे आणि त्यातला रेडिओ सकाळी सातला सुरू होई. इस्त्री करताना, मक्याच्या पिठाचा साडझा लाकडी चाटूनं घोटताना, खिशातून गिटारी वाजत राहायच्या. आणि मधूनच त्या मला 'बाबा शारो'ची खबर द्यायच्या. बाबा शारोंच्या घरात सध्या बरं चाललेलं नाही. बाबा शारो थकल्यासारखे दिसले. बाबा शारो या शनिवारी येणार आहेत. मला वाटे, असतील त्यांच्या गल्लीतले कोणीतरी, शारो नावाच्या मुलीचे वडील. एकदा तर मी, "बरे आहेत का आता शारोचे बाबा?" अशी आपुलकीनं चौकशीसुद्धा केली होती. मग एका रविवारी नवऱ्याबरोबर गावात गेले, तर भिंतीवर पुरुषभर उंचीचं पोस्टर. हातात बेस गिटार, खाली मोठ्या अक्षरांत ॲलिक माचेसो, आणि त्याच्याही खाली 'बाबा शारो'. शॅरोन ही त्याची मुलगी. झिंबाब्वेतला सगळ्यात लोकप्रिय सुंगुरा गायक, आणि अख्खा देश त्याला त्याच्या लेकीच्या नावानं ओळखतो. आपल्या सोसायटीत 'मिनूचे बाबा' म्हणतात ना, अगदी तसंच.

सुंगुरा म्हणजे स्वाहिलीत ससा. या संगीतातल्या गिटारी खरोखरच सशासारख्या पळतात. गाणं चांगलं आठ-आठ मिनिटांचं. आधी सावकाश संसाराची रडकथा सांगायची, मग एकदम गिटारी मोकळ्या सुटतात आणि आत्तापर्यंत मान डोलवत ऐकणारा माणूस उठून नाचायला लागतो. बेस गिटार हे एरवी मागे उभं राहून घुमणारं वाद्य. माचेसोच्या हातात ते पुढे येऊन बोलतं, कधी कधी जरा जास्तच बोलतं. तो वाढला शाम्व्हाकडे, शेतमळ्यांच्या मुलखात. शोनाबरोबर चिचेवातही गातो. १९९०च्या दशकाच्या शेवटी त्यानं स्वतःचा बँड काढला, आणि २०००च्या 'सिंबारादझो' या अल्बमनंतर त्याला विचारायची सोय उरली नाही. हे सगळं मी नंतर शिकले. माईंना ते पाठ होतं, पण माहिती म्हणून नव्हे. नणंदेच्या सासरची हकीकत जशी आपल्याला पाठ असते, तसं.

तिथल्या कलावंतांची टोपणनावं गोळा करण्याचा मला मग नादच लागला. ऑलिव्हर म्तुकुद्झी, ज्यांना जग टुकू म्हणून ओळखतं, त्यांना माई 'समन्यांगा' म्हणायच्या. हे त्यांच्या कुळाच्या हत्तीचं नाव. शोनांमध्ये प्रत्येक कुळाला असा एक प्राणी असतो, त्याला मुतुपो म्हणतात, आणि एकाच मुतुपोच्या माणसांत सोयरीक होत नाही. मी माईंना आपलं देवक समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. तिथल्या बायकांची पोकळ तळव्यांची टाळी, आदर दाखवायची. म्हणजे एका गायकाला लेकीच्या नावानं हाक आणि दुसऱ्याला देवकाच्या. 'सुपरस्टार', 'सम्राट' वगैरे पदव्या नाहीतच असं नाही. वर्तमानपत्रं त्या हौसेनं वाटतात. पण स्वयंपाकघरात त्या चालत नाहीत.

त्याच काळात गावात एक घोषणा सारखी कानावर पडायची: 'सपोर्ट लोकल'. आपल्या कलावंतांना साथ द्या. जमैकाहून कोणी आला की तिकिटं भराभर संपतात आणि त्याच्या आधी गाणाऱ्या घरच्या मुलाला मानधनासाठी हेलपाटे घालावे लागतात, ही तिथली कायमची तक्रार. ही पाहुण्याची हौस देशाच्या जन्मापासूनची आहे म्हणा. एप्रिल १९८० मध्ये हरारेतल्या म्बारे वस्तीच्या रुफारो स्टेडियमवर स्वातंत्र्याचा झेंडा चढला, तेव्हा गायला बॉब मार्ली आला होता. पुढे सरकारनं उलटी तऱ्हा करून पाहिली. २००१च्या प्रसारण कायद्यानं रेडिओ-टीव्हीवर ७५ टक्के माल देशी हवा असं ठरवलं. त्यामागचं राजकारण काहीही असो, तेवढी गाणी आणायची कुठून? मग जे पोर माइकसमोर उभं राहील त्याला संधी मिळू लागली. त्यातून 'अर्बन ग्रूव्ह्ज' नावाची एक पिढीच निघाली. काही गाणी चांगली होती. काही अशी, की त्यांना कायद्याशिवाय कोणी वाजवलं नसतं.

पण खरी गंमत सीडीची. हरारेच्या फुटपाथवर पुठ्ठ्यावर मांडलेल्या चोरीच्या सीडी डॉलरला दोन मिळायच्या. झिंबाब्वेचा स्वतःचा डॉलर महागाईनं २००९ मध्ये मेला होता आणि अमेरिकन नोटा चालत होत्या, मळून मऊ पडलेल्या, फडक्यासारख्या. सुटी नाणी देशातच नव्हती, त्यामुळे दुकानात उरलेल्या पैशांच्या गोळ्या नाहीतर बॉलपेन हातावर ठेवत. मी एकदा फक्त टुकूंची एक सीडी मागितली, तर पोरानं 'चेंज नाही' म्हणून माचेसोची दुसरी पिशवीत टाकली. अशी मी सुट्या पैशांअभावी बाबा शारोंची भक्त झाले. सीडीवर काळ्या मार्करनं नाव लिहिलेलं, तेही चुकीचं.

घरी येऊन माईंना म्हटलं, "बाबा शारोंना यातला एक सेंटही मिळणार नाही, माहीत आहे ना?" माईंकडे अशा वीसेक सीडी होत्या. त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "माई, तुमचा भाऊ घरात गाणं म्हणतो, तेव्हा त्याला पैसे देता?"

मी गप्प बसले. गप्प बसायला आणखी एक कारण होतं. हरारेतली आम्ही चार-पाच मराठी घरं दर महिन्याला कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमून मराठी सिनेमे बघायचो. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमधून आलेले. मराठी सिनेमा चालत नाही, आपले लोकच थिएटरात जात नाहीत, अशी हळहळ त्याच सोफ्यावर बसून, पोह्यांची दुसरी बशी घेता घेता, आम्ही केलेली आहे. पिकतं तिथं विकत नाही, हे वाक्यही कोणीतरी दर वेळी टाकायचंच.

माईंच्या हिशेबात मात्र एक भेद होता, तो मला उशिरा कळला. माचेसोचा कार्यक्रम आमच्या भागात होता, तेव्हा आम्ही दोघं, माई आणि त्यांचे यजमान असे चौघं गेलो. उघड्यावर मांस भाजायच्या चुली, धूर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. रात्री नऊचा कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला आणि पहाटेपर्यंत चालला. रात्रभराच्या अशा बैठकीला 'पुंग्वे' म्हणतात. स्वातंत्र्ययुद्धात गनिमी सैनिक गावकऱ्यांना रात्रभर जमवून गाणी म्हणायचे, तिथून आलेला शब्द. आता त्यात बिअर असते. तिकीट पाच डॉलर. मी चौघांचे वीस काढले, तर माईंनी माझा हात बाजूला केला आणि कमरेच्या गाठीतून आपले दोघांचे दहा मोजून दिले. सीडीला अर्धा डॉलरसुद्धा जड जाणारी बाई! वर मलाच समजावलं: आवाज आपल्या घरी येतो, ते वेगळं. आपण त्यांच्या घरी जातो, तेव्हा रिकाम्या हातानं कसं जायचं?

त्या रात्री नवऱ्याला दोन वाजता झोप आवरेना आणि मला पाचपर्यंत आली नाही. पहाटे थंडीत एक म्हातारे गृहस्थ सुटात, टायसकट, खुर्चीवरून उठले, एकटेच मध्ये गेले आणि गुडघे वाकवून असे नाचले की बाजूच्या पोरांनी शिट्ट्या बंद केल्या. नाच संपला तसे ते परत येऊन बसले आणि कोटाची बटणं लावली.

घरच्या मुलाचं कौतुक किती टोकाला जाऊ शकतं, त्याची एक कथा माई रंगवून सांगत. २०१० मध्ये 'बिग ब्रदर आफ्रिका' या टीव्हीवरच्या स्पर्धेत मुन्या चिदझोंगा हा झिंबाब्वेचा तरुण दुसरा आला. पहिल्या आलेल्या नायजेरियन तरुणाला बक्षिसाचे दोन लाख डॉलर मिळाले. मुन्या घरी आला, तर त्याला थेट राष्ट्राध्यक्ष मुगाबेंच्या हस्ते तीन लाख दिले गेले. हरणारा जिंकणाऱ्यापेक्षा लाखानं श्रीमंत. त्याच गावात बँडमधले वादक पगारासाठी भांडत होते, यावर माईंचं म्हणणं एवढंच, की परगावी जाऊन पोराला मार बसला तर घरचे जवळ घेतातच.

आम्ही परत आलो. सामानात बारा सीडी होत्या. लॅपटॉप बदलला तशी त्या वाजवायची सोय गेली, आणि कोथरूडच्या बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला तेव्हा सगळ्या पुण्यात करतात तेच मी केलं. दोऱ्यानं बांधून सीडी गजांना टांगल्या.

२३ जानेवारी २०१९ ला माईंचा व्हॉट्सॲपवर आवाज आला. टुकू गेले. नुसतं "माई", मग बराच वेळ काही नाही, मागे रेडिओवर त्यांचंच गाणं. 'तोदी', म्हणजे आता आपण करावं काय. एड्सनं घरं रिकामी होत असताना त्यांनी विचारलेला प्रश्न, आणि लोक त्यावर नाचले होते. सरकारनं त्यांना राष्ट्रीय वीर जाहीर केलं. राजकारणात वा लढ्यात नसलेल्या कलावंताला हा मान तोवर मिळाला नव्हता. वीरांच्या स्मारकात जागा होती, पण घरच्यांनी त्यांना मादझिवाला, गावी नेलं. शोनांमध्ये मयताघरी 'चेमा' द्यायची पद्धत आहे. प्रत्येकानं ऐपतीप्रमाणे पैसे ठेवायचे, कोणीतरी वहीत नाव आणि रक्कम लिहितं. माईंनी मला विचारलं, तुमच्या नावानं किती लिहू? त्या मादझिवाला गेल्या नव्हत्या, कोणतीही वही त्यांच्यासमोर नव्हती. तरी मी आकडा सांगितला. पुढच्या महिन्यात कोणाच्या तरी हाती तो पाठवलाही. तो कुठे पोचला, ते मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी सोल जा लव्ह गेला, म्बारेचा, झिमडान्सहॉल या जमैकन धर्तीच्या संगीतातला गायक, वयानं माझ्या भाच्याएवढा. कोरोनाची बंदी मोडून लोक हजारोंनी रस्त्यावर आले होते. ते व्हिडिओ मी इथे बसून पाहिले आणि मनात आलं, यांतल्या किती जणांनी... पण पेनड्राइव्ह आठवला आणि तो प्रश्न मी पुरा केला नाही. आठ हजार डॉलरांत बनलेला झिंबाब्वेचा सिनेमा 'कुक ऑफ' २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा तो मात्र पैसे भरून पाहिला. माईंना कळवलं. त्यांच्या भावजयीच्या फोनवर तो कोणीतरी आधीच पाठवलेला होता.

टुकूंच्या चार सीडी मी त्या जानेवारीतच बाल्कनीतून काढल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या आणि देवघराखालच्या खणात ठेवल्या. माचेसोच्या अजून तिथेच आहेत. मार्करची अक्षरं उन्हानं फिकी पडलीत, पण वारा सुटला की बाबा शारो गोल गोल फिरतात आणि भिंतीवर कवडसे नाचतात. कबुतरं आता त्यांच्या शेजारीच बसतात.