खालची पट्टी

आमच्याकडे सिनेमा बघायची एक रीत पडून गेली आहे. आई झोपाळ्यावर, मी खाली सतरंजीवर भिंतीला टेकून, आणि समोर टीव्हीत कुठल्या तरी भलत्याच देशातली माणसं भलत्याच भाषेत बोलतायत. आई म्हणजे सासूबाई. वय 76. इंग्रजी त्यांना येतं, पण "ती खालची पट्टी फार पळते गं" ही कायमची तक्रार. म्हणून ती पट्टी, म्हणजे सबटायटल्स, मी वाचते. मराठीत, मोठ्यानं, झोपाळ्याच्या कड्यांच्या कुरकुरीवर आवाज चढवून.

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा दांडिया बाजारातल्या या घरात सगळे मराठीच बोलत होते, तरी पहिले काही महिने मला मध्येच अडखळायला व्हायचं. कपाटाचं कबाट, पिशवीची थेली. पण खरी गंमत खंडेराव मार्केटात. आई भाजीवाल्याशी गुजरातीत इतकं गोड बोलायच्या की मला वाटायचं हा नात्यातलाच कुणीतरी. "ना भाई, तमे तो घरना माणस छो." आणि त्याच दमात, ओठ न हलवता, माझ्याकडे मराठीत: "काट्याकडे बघ, वजनात मारतो मेला." वर एक संवाद, खाली त्याची पट्टी. आणि पट्टीत येतं ते वरच्याहून निराळंच.

वर्षभर हे चाललं. मग एक दिवस वांगी तोलता तोलता भाजीवाला शांतपणे म्हणाला, "काकी, काटा बराबर आहे." आईंनी त्या दिवशी भाव केला नाही. बडोद्यात हा धोका असतोच. इथे कुणाला किती मराठी कळतं, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

तेव्हा घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, थेटरात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी असं आयुष्य काढलेल्या बाईला जपानी किंवा फारसी सिनेमाचं भय वाटायचं काही कारणच नव्हतं. भय मला होतं. मला वाटलं, कंटाळतील आणि "ती मालिका लाव" म्हणतील.

पहिला लावला तो इराणचा, किआरोस्तामीचा, 1987 सालचा, ‘मित्राचं घर कुठंय’. एका पोरानं चुकून वर्गमित्राची वही घरी आणलीय आणि ती परत केली नाही तर मास्तर त्या मित्राला शाळेतून काढणार आहेत. पोरगं आईला सांगायला जातं. आई धुणं धुतेय. ती म्हणते, अभ्यास कर. ते परत सांगतं. ती म्हणते, बाळाकडे बघ. ते पुन्हा सांगतं. ती तिसरंच काम सांगते. आमच्या आई झोपाळ्यावरून तिच्यावर खेकसल्या, "अगं बाई, ऐकून तर घे त्याचं!" आणि मग बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाल्या, "याच्याकडून," म्हणजे माझ्या नवऱ्याकडून, "तेलाची बाटली फुटली होती एकदा. दोन दिवस मागे मागे फिरत होता सांगायला. मला वाटलं, पैसे मागतोय."

‘बायसिकल थीव्ज’ मात्र अर्ध्यातच बंद करायला लावला. दुसऱ्या महायुद्धानंतरचं रोम, डे सिकाचा 1948 सालचा सिनेमा, त्यातल्या बापाचं काम नट नसलेल्या, कारखान्यात काम करणाऱ्या माणसानं केलंय, वगैरे माझं कीर्तन चालूच होतं. पावसात धावताना तो छोटा मुलगा घसरून पडतो आणि बापाचं लक्षच नसतं. तिथे आई म्हणाल्या, "बंद कर. आमची मांडवीतून गेली होती सायकल. हप्ते फिटायचे होते अजून." ह्यापुढे मी कोण बोलणार!

या सगळ्यात मला आमचे नाशिकवाले आठवत राहतात. दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, पण शिकायला आले ते इथेच, सयाजीराव महाराजांनी काढलेल्या कलाभवनात. ती घुमटांची इमारत अजून उभी आहे, आता तिथे इंजिनिअरिंगची पोरं शिकतात आणि बाहेर टपरीवर चहा पितात. तर 1911 साली गिरगावातल्या एका थेटरात फाळक्यांनी येशूच्या आयुष्यावरचा परदेशी मूकपट बघितला. पडद्यावर येशू आणि यांच्या मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. बायकोला, सरस्वतीबाईंनाही तो दाखवायला घेऊन गेले. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. लोक ह्यात पहिला भारतीय चित्रपट बघतात. मला आपला त्यात पडद्याखाली स्वतःची पट्टी लावून बसलेला एक मराठी माणूस दिसतो.

पण मला सांगायचंय ते ‘टोकियो स्टोरी’बद्दल. 1953 साल, दिग्दर्शक यासुजिरो ओझू. ओनोमिची नावाच्या समुद्राकाठच्या गावातले आजी-आजोबा टोकियोला मुलांकडे निघालेत. सुरुवातीलाच बांधाबांध. आजी विचारते, हवेची उशी कुठंय? आजोबा म्हणतात, तुझ्याकडे दिली की. आजी म्हणते, माझ्याकडे नाही. थोड्या वेळानं ती आजोबांच्याच सामानात सापडते. सापडली, एवढंच म्हणतात. चूक वगैरे कबूल नाही.

आईंनी पायानं झोपाळा थांबवला. "हे तुझे सासरे. गाडीची तिकिटं कुणाकडे, यावरून आमचं स्टेशनापर्यंत हेच. आणि निघायची ती यांच्याच कोटाच्या खिशात."

मग काही वेळानं, "हा फोटोवाला खाली बसूनच काढतो का गं सगळं?"

हे त्यांना न सांगता दिसलं! मी लगेच ज्ञान पाजळलं. ओझू कॅमेरा मुद्दाम खाली ठेवायचा, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेला, कधी तर त्याहूनही खाली. आणि तो हलवायचाही क्वचितच.

"मग बरोबर आहे," आई म्हणाल्या. "घरातलं माणूस बसलेलं असतं. उभं असतं ते निघालेलं."

टोकियोत मुलं वाईट नाहीत, नुसती कामात आहेत. थोरला डॉक्टर. आईबापाला शहर दाखवायला निघणार तोच पेशंटचं बोलावणं येतं. मुलीचं केस करायचं दुकान. नवरा सासू-सासऱ्यांसाठी महागाचा केक आणतो तर ती त्याला बोलते, एवढं भारी कशाला? मग भाऊ-बहीण हिशेब करून म्हाताऱ्यांना अतामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी धाडतात. ते स्वस्त पडतं. तिथे रात्रभर खोल्यांमधून दंगा, गाणी. दोघांना झोप नाही.

मध्ये एक जागा आहे. मुलीच्या दुकानात म्हातारी-म्हातारा परत येतात आणि गिऱ्हाईक विचारतं, कोण हे? मुलगी म्हणते, गावाकडचे ओळखीचे आहेत.

पट्टी आली. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "गावाकडची माणसं आहेत."

"एवढंच म्हणाली?"

"हो."

आईंनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा टीव्हीकडे. एरवी त्यांचं म्हणणं असतं की तो माणूस एवढं बोलला आणि तू एवढंसंच सांगतेस. पट्टीचा तोच धर्म आहे, दोन ओळींत बसेल तेवढंच घ्यायचं. त्या जपानी आजी ज्या सुरात, जवळजवळ गाण्यासारखं लांबवत ‘आरिगातो’ म्हणतात, तो सूर पट्टीत कुठून यायचा? तो शब्द आईंनी आपला आपण उचलला. आता चहा दिला की मला कधी कधी ‘आरिगातो’ मिळतं.

आणि नोरिको. युद्धात गेलेल्या मुलाची बायको. सख्ख्या मुलांना सवड नाही आणि ही रजा काढून म्हाताऱ्यांना टोकियो दाखवते. एका रात्री सासू तिच्या खोलीवर मुक्कामाला असते, तेव्हा ही तिचे खांदे रगडून देते. सकाळी खर्चायला पैसेही देते. झोपाळ्यावरून माझ्या मानेवर नजर पडल्याचं मला जाणवलं. मी पट्टीवरून डोळे हलवले नाहीत. शेवटी सासरा नोरिकोला म्हणतो, तू आमच्या रक्ताची नाहीस, पण पोटच्या मुलांपेक्षा तूच जास्त केलंस. हे वाक्य मात्र मी सावकाश, स्पष्ट, एक शब्द न गाळता वाचलं.

परतीच्या वाटेवर ते दोघं बोलतात, आपली मुलं चारचौघांपेक्षा बरीच म्हणायची, आपण नशीबवान. घरी पोचल्यावर आजी जाते. क्रियाकर्म उरकतं न उरकतं तोच मुलगी आईच्या ठेवणीतल्या कपड्यांची आठवण काढते. "मागणारच," आई म्हणाल्या, आणि उठून दूध तापवायला गेल्या. सिनेमा अजून संपायचा होता.

या फेब्रुवारीत आई थोरल्या दिरांकडे मुंबईला गेल्या. आठ दिवसांचं ठरलं होतं. आदल्या रात्री बॅग भरताना हाक आली, "अगं, ती फुगवायची उशी कुठंय?" मी म्हटलं, तुमच्याच थेलीत. "नाही गं." मग शांतता. मग, "आहे आहे."

पाचव्या दिवशी पहाटे दाराची कडी वाजली. रात्रीच्या गाडीनं एकट्याच आल्या होत्या. हातात तीच बॅग, अंगावर जातानाचीच शाल.

"अहो आई, फोन तरी करायचा. कशी झाली मुंबई?"

"छान. फार केलं माझं सगळ्यांनी." चपला काढून त्या झोपाळ्यावर बसल्या, पायानं एक झोका घेतला. "मुलं चांगली आहेत आपली. वेळच नसतो बिचाऱ्यांना."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आरिगातो," त्या म्हणाल्या. "आणि तो उठला की त्याला शेव उसळ आणायला सांग. तरी वेगळी बांधून आण म्हणावं, मागच्या खेपेला नुसतं पाणी होतं."