गोटे रचायला अकरा दिवस, पांदण मोकळी व्हायला चौदा महिने

आमच्या गावाचा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तो भूमी अभिलेखच्या टेबलावर, तोही उलट्या बाजूनं. पलीकडच्या बाबूंनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही पाहा मॅडम, तुमची पांदण." पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी जुनी बंडीवाट. वर्ध्याकडच्या आमच्या धाम नदीच्या वळणाला लागून दोन तुटक रेषा, वेशीपासून थेट शिवेपर्यंत. लग्न होऊन या गावात आले त्याला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. त्या रेषांच्या जागी मी कायम तूर आणि पऱ्हाटीच (कपाशीच) पाहिली होती.

मी हायस्कूलला चित्रकला शिकवते. डोक्यात होतं ते एवढंच की नदीकाठानं पवनारपर्यंत चालत जायची एक वाट असावी, साधारण नऊ किलोमीटरची, आणि वाटेत मुलांनी तिथल्याच वस्तू घेऊन रचलेली तीन-चार कामं असावीत. बाहेरून काही आणायचं नाही. इंग्लंडात अर्वेल नदीच्या खोऱ्यात बेकपपासून सॅलफर्डपर्यंत अशी ३३ मैलांची शिल्पवाट आहे. दक्षिण फ्रान्समध्ये दीन्य गावाच्या आसपास तीन खोऱ्यांत अँडी गोल्ड्सवर्दी या शिल्पकारांनी दगडांचे अंडाकार राखणदार उभे केलेत, पडकी घरं नीट करून त्यांच्या आत कामं केलीत. सगळं पायी पाहायचं तर सुमारे १५० किलोमीटर चालावं लागतं. हे वाचून मला वाटलं, दगड तर आपल्याकडे ढिगानं आहेत. अडचण दगडाची नव्हतीच, पण ते कळायला वेळ लागला.

मामाजींना (माझ्या सासऱ्यांना) नकाशाची नक्कल दाखवली. चष्मा न लावताच म्हणाले, "हे तर आमची बंडीची वाट होय. पवनारले आम्ही याच वाटेनं जात होतो." मग एका रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. ते पुढं, हातात काठी, मी मागं. पांदण कुठं बेशरमच्या झुडपांत हरवलेली, कुठं दोन्हीकडच्या धुऱ्यांनी (बांधांनी) गिळलेली. एका ठिकाणी ते थांबले, काठीनं माती उकरली आणि खालचा काळा दगड दाखवला. बैलांचे पाय घसरू नयेत म्हणून उतारावर कुणीतरी कधीकाळी आडवे दगड बसवले होते. अजून जागचे हलले नव्हते. मुलांच्या कामांआधी या वाटेवर काम होतंच, हे मला तिथं दिसलं. त्या दगडांचा फोटो काढला तो पुढं अर्जाला जोडलाही.

ग्रामसभा १५ ऑगस्टची होती, सन २०२२. नदीकाठची वाट आणि तिच्यावर मुलांनी रचायचं दगडांचं वर्तुळ, असा ठराव मांडला. पहिला प्रश्न आला, "मॅडम, गोटे पाहाले कोन येईन?" दुसरा, "मजुरी निघन का यात?" मी गडबडीत एक चूक केली. लोकांना आपलं वाटावं म्हणून सांगितलं, की ही काही परदेशी गोष्ट नाही, नागपूरजवळ जुनापाणीला अशी सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली. मागून एक आजी म्हणाल्या, "त्यात माणसं पुरेल हायेत ना वं? मंग मसनवट म्हन ना सरळ." सभा हसली, पण नंतर दोघींनी मला बाजूला घेऊन गंभीरपणे सांगितलं की नदीवर गोल रचू नका, पोरं जातात तिकडे. त्या चुकीच्या नव्हत्याच, ती वर्तुळं खरोखर दफनाचीच आहेत. मी शब्द दिला की आमचं वर्तुळ पूर्ण बंद करणार नाही, नदीच्या बाजूला त्याला तोंड ठेवीन. ठराव पास झाला.

इथून पुढं कागद.

माझा पहिला अर्ज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली होता. कुणीतरी सांगितलं, रस्त्यासाठी हेच कलम लागतं, म्हणून लिहून टाकलं. तीन महिन्यांनी परत आला. गावातल्या एका निवृत्त तलाठीभाऊंकडे नेला तर ते वाचून हसले. हे कलम ज्याच्या नावावर शेत आहे त्यानं दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागण्यासाठी आहे. माझ्या नावावर शेत नाही आणि मला शेतात जायचंही नव्हतं. दोन्हीकडं नापास. तुमची वाट नवी मागायची नाही, असलेली अडवली गेली आहे, ते म्हणाले. त्यासाठी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. आणि त्यातही मेख अशी की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायला पाहिजे.

पांदण नांगरल्याला सोळाहून जास्त वर्षं झालेली. सहा महिने कुठून आणायचे?

ते आणून दिले एका कास्तकारभाऊंनी, अर्थात न कळत. पांदणीतली उरलीसुरली तीन फुटांची पट्टी, जिच्यावरून मामाजी आपल्या नदीकाठच्या वावरात जायचे, तिच्यावर त्यांनी त्याच वर्षी कार्तिकात तार ओढली आणि झटका मशीन लावलं. रानडुकरांसाठी. मला ते कळलं मुलांना घेऊन पाहणीला गेले तेव्हा, तारेवर हात टेकवून. माणूस मरत नाही त्यानं, मशीन थांबून थांबून झटका देतं, पण कोपरापर्यंत मुंग्या येतात आणि सातवीच्या मुलांसमोर तोंडातून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही.

मग फाल्गुनात दावा मामाजींच्या नावानं गेला. सोबत नकाशाची नक्कल, पंचांचे जबाब, उतारावरच्या दगडांचा फोटो आणि वाजिब-उल-अर्जची नक्कल. हा शेवटचा कागद आमच्या भागात मालगुजारीच्या काळापासून चालत आलेला. गावाच्या वहिवाटी त्यात लिहिलेल्या असतात. नदीवर ढोरं पाण्याला नेण्याची आणि बंडीची वाट त्यात नोंदलेली होती. कुणाला असं काही करायचं असेल तर मी सांगेन, पहिला खर्च या नक्कलेवर करा. मी तो सगळ्यात शेवटी केला.

स्थळपाहणी मे महिन्यात, भर दुपारी. तहसीलचे साहेब गाडीतून उतरले, टॉवेल डोक्यावर घेतला. झटकेवाले भाऊ आधीच उभे होते. त्यांनी जे सांगितलं ते मला त्या दिवशी आवडलं नाही, पण खोटंही म्हणता येईना. "साहेब, डुकरं एका रातीत चना साफ करून राहिले. मॅडमले गोटे मांडाचे हायेत, मले पोट हाय." मामाजी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "तुयी तार सहा फूट आत घे. खांब मी गाडून देतो. वाटीच्या तोंडावर फाटक ठेव, दिवसा उघडं, राती बंद." भाऊ काही बोलले नाहीत. दोन आठवड्यांनी तडजोड लिहून दिली. पण तार हलायच्या आत पेरणी झाली, शेतात सोयाबीन उभं राहिलं, म्हणून तार प्रत्यक्ष सरकली ती काढणीनंतर, ऑक्टोबर २०२३ मध्ये. बाकीच्या दोघा अतिक्रमणवाल्यांनी हे पाहून आपणहून धुरा मागं घेतला. त्यांना नोटीसही गेली नव्हती.

काम डिसेंबरात केलं. गावातले एक म्हातारे गवंडीबुवा आले, चहाच्या बोलीवर. पहिल्या दिवशी मुलांनी नदीतले गोल गोटे रचले, ते संध्याकाळपर्यंत लोळून गेले. बुवांनी एक गोटा उचलून तळहातावर फिरवला. "याले बैठक कुठं हाय? पहिले बैठक पाहा, मंग तोंड." मग दाखवलं: चपटी बाजू खाली, जाड टोक आत, एका सांध्यावर दुसरा सांधा येऊ द्यायचा नाही, आणि पोकळीत चिपा ठोकायच्या. चिपा म्हणजे दगडाच्या पातळ कपच्या. सिमेंट नाही, माती नाही. एका मुलीला हे इतकं जमलं की बुवा तिच्या रांगेला हात लावेनात. अकरा फूट व्यासाचं, कमरेएवढं उंच, नदीकडं तोंड असलेलं वर्तुळ चार दिवसांत उभं झालं. दुसऱ्याच दिवशी शेळ्या त्यात उन्हाला बसल्या.

त्याच दरम्यान एक दिवस दोन जण मोटरसायकलवर आले. रेतीवर पाळत ठेवणारे. नदीच्या पात्रात वीस-बावीस पोरं गोटे वाहतायत म्हटल्यावर त्यांना यावंच लागणार. नदीचं पात्र सरकारचं, गोटा-रेती गौण खनिज, हे मला तोवर पाठ झालं होतं.

"गोटे कुठं नेऊन राहिले?"

"कुठंच नाही. इथून तिथं."

"तिथून मग कुठं?"

"तिथंच."

त्यांनी ट्रॅक्टर शोधला, चाकोरी शोधली, शेवटी पंचनाम्यात 'वाहतूक आढळून आली नाही' असं लिहिलं. जाताना एकानं विचारलं, "पण हे बनवून काय राहिले तुम्ही?" गवंडीबुवा म्हणाले, "काही नाही." मला वाटतं याहून बरं उत्तर माझ्याकडंही नव्हतं.

दुसरं काम पऱ्हाटीचं बोगद्यासारखं करायचं होतं. दोन बाजूंनी उभ्या पऱ्हाट्या, वर बांधलेल्या, आतून वाकून चालायचं. अर्धं झालं आणि कृषी सहायक धावत आले. पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून वेचणी संपली की पऱ्हाटी शेतातून हलवून नष्ट करा असं ते घरोघर सांगत फिरत होते, आणि इथं शाळाच तिचं देऊळ बांधतेय. त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. उपटली, जाळली आणि तुराट्या आणल्या. तुराट्या बारीक, पण कूड विणायची त्यांना सवयच. आमच्या जुन्या घरांच्या भिंती त्याच्याच. आतून चालताना उन्हाच्या पट्ट्या अंगावर पडतात. पऱ्हाटीत ते झालं नसतं.

तिसरं काम सगळ्यात साधं. रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंतानं १९६७ मध्ये एका गवताळ मैदानात पुन्हा पुन्हा चालून एक सरळ रेघ पाडली आणि तिचा फोटो काढला, एवढंच त्याचं काम. वर्गात सांगितलं तर मुलं म्हणाली, हे तर आमच्या म्हशी रोज करतात. तरी नदीच्या वरच्या पडीत जागेत वाळक्या गवतावर दोन वर्ग दीड तास ये-जा करत राहिले. रेघ पडली. कडेनं मुलांनी वेचलेल्या पांढऱ्या गारगोट्या ठेवल्या. आमच्या काळ्या दगडाच्या पोटात त्या मिळतात. या सगळ्याला मधल्या सुट्ट्या धरून अकरा दिवस.

जानेवारीत पहिली चाल. एकोणचाळीस मुलं, चार शिक्षक, मामाजी आणि दोन भाकरीच्या टोपल्या. पवनारला आश्रमात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. विनोबा १९३८ मध्ये इथं राहायला आले, तब्येतीसाठी शेतात खणत असताना त्यांच्या कुदळीला भरत-राम भेटीचं जुनं शिल्प लागलं. ते आजही तिथं आहे. आमची गवंडी झालेली मुलगी त्याच्याकडं बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, एवढं मातीत होतं तरी काही झालं नाही त्याले." तिला आपल्या वर्तुळाची काळजी लागली होती.

ती खरी ठरली. २०२४ च्या जुलैत धाम पांदणीपर्यंत चढली. वर्तुळाची वरची रांग गेली, तोंडाकडची बाजू पूर्ण गेली. अमेरिकेत रॉबर्ट स्मिथसन या कलावंतानं १९७० मध्ये खाऱ्या तळ्यात काळ्या दगडांची मोठी चक्राकार वाट घातली होती, ती थोड्याच वर्षांत पाण्याखाली गेली आणि २००२ च्या सुमाराला पुन्हा वर आली. हे मी मुलांना सांगितलं. त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही. ते तळं आहे, म्हणाले, नदी वाहून नेते.

गारगोट्यांची रेघ मात्र पाण्यानं नाही गेली. ती त्या दिवाळीत ट्रॅक्टरनं गेली. पांदण मोकळी झाल्यावर सोयाबीन, कापूस सगळं तिथूनच निघायला लागलं, आणि वरच्या पडीतातून वळण घेतलं की थोडं अंतर वाचतं. पहिला ट्रॅक्टर झटकेवाल्या भाऊंचाच. मी त्यांना काही म्हणणार होते, पण ते आधीच म्हणाले, "मॅडम, यंदा दोन दिवसांत माल घरी आला. पहिले आठ लागत होते." मी गारगोट्या वेचून पिशवीत भरल्या.

यंदाच्या ग्रामसभेत विषय आला पांदणीच्या खडीकरणाचा. शासनाची पाणंद रस्त्यांची योजना आहे, त्यातून होतं. म्हणजे मामाजींच्या उतारावरचे आडवे दगड खडीखाली जाणार. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी मामाजींकडं पाहिलं. त्यांचा हात कधीच वर होता. मीही केला.

खडी येऊन पडली आहे, वेशीजवळ, तीन ढीग. गवंडीबुवांनी परवा तिथून जाताना एक तुकडा उचलून कडेवर नख फिरवलं, म्हणाले चिपा म्हणून छान बसन. दोन घमेली त्यांनी बाजूला काढून शाळेच्या ओट्यामागं ठेवलीत. मोजमाप पुस्तिकेत ती काही येणार नाहीत, म्हणून मीही याहून जास्त लिहीत नाही. वर्तुळाची तोंडाकडची बाजू थंडीत परत उचलायची आहे.