जंतू फिरला, शेपूट जागेवरच

परवा मायक्रोस्कोपवर काढलेली माझी जंतूंची सोळा चित्रं आमच्या लॅबमधल्या तंत्रज्ञ आजोबांनी परत पाठवली. वर एकच ओळ: 'शेपट्या कुठे गेल्या?'

शेपट्या मी पुसल्या होत्या. सॉफ्टवेअरमध्ये, रात्री दोनपर्यंत बसून.

आमच्या सरफेस प्लाझ्मॉन मायक्रोस्कोपात काचेच्या प्रिझमवर साधारण ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर असतो. खालून लाल लेसर सोडला की एका नेमक्या कोनात प्रकाश परत येत नाही, त्याची ऊर्जा सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या लाटेत जाते. त्या काळोख्या पडद्यावर जंतू चमकतो, रंग वगैरे न लावता. पण ही लाट विझण्याआधी काही मायक्रॉन धावते, म्हणून जंतूमागे शेपूट पसरते. आयर्विन पुलाच्या खांबामागे कृष्णेचं पाणी फाकतं ना, हुबेहूब तसं. लाटेला आडवं बघाल तर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचं सुटं दिसतं. लाटेच्या दिशेनं सगळा लगदा.

आजोबांनी जंतू असलेली चिप नव्वद अंशांत फिरवून सगळं पुन्हा काढायला लावलं. जंतू फिरला, शेपूट जागेवरच! म्हणजे ती जंतूची नव्हतीच. तरी पुसायची नाही. उलट प्रत्येक चित्रावर लाटेच्या दिशेचा बाण काढायचा आणि रिझोल्यूशनचे, म्हणजे किती बारीक सुटं दिसतं त्याचे, दोन आकडे लिहायचे: एक लाटेच्या दिशेनं, एक आडवा. एवढा काटेकोरपणा? राग आला, खरं सांगते.

सांगलीत कॉलेजात वीस जणांत एक मायक्रोस्कोप. दिसायचं धुकं, जर्नलमध्ये उतरायची पुस्तकातली आकृती, आणि गुण आकृतीला. सवय लागली ती तिथे. पण त्याच कॉलेजात मायक्रोस्कोपची ढिली स्टेज, म्हणजे काचपट्टी ठेवायची पाटी, रबरबँडनं बसवायला शिकले, हेही लिहून ठेवते. इथली पोरं स्क्रू सैल झाला तरी कंपनीला मेल करतात.

मग मीच म्हटलं, हिरवा लेसर लावू. सोन्यावर ती लाट लवकर विझते, शेपूट आखूड होणार. झालीही. पण कॉन्ट्रास्ट इतका उतरला की जंतूच शोधावा लागला. १९८८ मध्ये रोथेनहॉयस्लर आणि नॉल या शास्त्रज्ञांनी ही पद्धत मांडली, तेव्हापासूनची ही ओढाताण. आजोबांना निकाल आधीच ठाऊक असणार. तरी दोन तास शेजारी उभे राहिले, अवाक्षर न काढता, आणि शेवटी कॉफी आणून दिली.

बाणवालं चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं. बाबांचं उत्तर: "धूसर आलंय. मोबाईल बदल आता."