चिमणीवालं इंजिन

मे महिन्यात दुपारी अडीच वाजता भुसावळात शहाणं माणूस ओव्हन लावत नाही. पण भाऊ त्याची दोन्ही पोरं माझ्याकडे सोडून गेलेला, बाहेर ४४ अंश, आणि टीव्हीचा रिमोट मीच लपवून ठेवलेला. करमणुकीची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली. "बिस्किटं करू या," मी बोलून गेले.

साचे घरात होते. बदाम, चांदणी आणि नाताळचं झाड. धाकट्याने तिन्ही बाजूला सारले. "आत्या, मला इंजिन पाहिजे." त्याचं तरी काय चुकलं? इथे आल्यापासून रोज संध्याकाळी इंजिनं बघायला जायचं हेच त्याचं काम. मग तेलाचा रिकामा डबा काढला, शेजारून पत्र्याची कात्री आणली आणि दीड इंच रुंदीची पट्टी कापली. वरची कड दुमडून घ्यायची, नाहीतर साचा पिठाच्या आधी बोटं कापतो. चाकांची गोलाई लाटण्याच्या मुठीवर वळवली. डाख द्यायला कोण बसलंय. दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून पक्कडीने दाबली, झालं.

"आणि चिमणी?" थोरलीने विचारलं.

"इथल्या इंजिनांना चिमणी नसते. ती वर तारेला टेकतात," धाकटा.

"चित्रात असते."

भांडण वाढायच्या आत मी साच्याला चिमणी करून मोकळी झाले.

पण तो शब्द डोक्यात राहिला. अमळनेरला मोठी माय पोळ्या करायला बसली की शेवटचा कणकेचा गोळा आमचा. त्याची ती चिमणी करायची. चिमटीने चोच ओढायची, शेपटीवर नखाने तीन रेघा, डोळ्यांना मोहरीचे दोन दाणे. मग ती चिमणी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर. शेपटी काळी व्हायची, पोट कच्चं राहायचं, आणि सगळ्याला राखेची एक खारट चव. "हाई ले चिमनी, धर, उडी जाई," म्हणत ती आमच्या हातावर टाकायची. ती इतकी तापलेली असायची की या हातातून त्या हातात खरंच उडायची. मी चोच आधी खायचे. अजूनही बिस्किटाचं टोक आधी खाते आणि उरलेलं बशीत ठेवून देते. घरात यावरून बोलणी बसतात.

साचा म्हणावा असा त्या घरात एकच, वाटी. फार तर औषधाच्या बाटलीचं झाकण. सुट्टीत नानखटाई भाजायला मात्र बेकरीत जायचं. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत, वर रिकामा पत्र्याचा डबा, आणि नंबर लागेपर्यंत भट्टीच्या झळा खात उभं राहायचं. नानखटाई मूळची सुरतेची म्हणतात. सुरतेची गाडी अमळनेरवरूनच जाते, त्यामुळे ती वाटेत आमच्याकडे उतरली असावी असा माझा समज होता. एका वर्षी ट्रे बदलला. घरचं तूप घालून आम्ही आणली ती कोणाची तरी डालड्याची. आई आठवडाभर प्रत्येक नानखटाईचा वास घेऊन सुस्कारा टाकत होती. पुढच्या वर्षी मी आमच्या प्रत्येक नानखटाईवर बांगडी दाबून खूण केली. फुगल्यावर सगळ्या खुणा पुसल्या गेल्या.

हे आठवायला हवं होतं. सवयीने मी पिठात सोडा टाकला होता. त्यात तूप हातातच पातळ होत होतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेला गोळा लाटेपर्यंत पुन्हा ढिला. तरीही साचा उमटला तेव्हा इंजिन सुरेख दिसत होतं. धाकट्याने त्याला शिट्टीसुद्धा वाजवून दाखवली.

बारा मिनिटांनी ट्रे बाहेर आला. चाकं पोटात गेलेली, डबा गोल फुगलेला, आणि वर चिमणीचा काळपट देठ. बारीक टोकं आधी जळतात, शेपटीसारखीच. धाकट्याचा ओठ थरथरायला लागला. थोरलीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "आत्या, ही तर भरिताची वांगी!"

आणि खरंच, वांगीच होती. रडणं तिथेच थांबलं. पिठीसाखरेत लिंबाचा रस कालवून रंग केले. पोरं जांभळ्याकडे धावली, तेव्हा मात्र मी आडवी आले. आमच्याकडची भरिताची वांगी हिरवी असतात, पांढरट झाक असलेली. भौगोलिक मानांकन मिळालेलं वांगं मी माझ्या स्वयंपाकघरात जांभळं होऊ देणार नव्हते. पुण्याची पोरं, त्यांना पटलं नाही, पण त्यांनी हिरवा लावला.

भाऊ न्यायला आला, तेव्हा उभ्या उभ्या चार खाल्ली. म्हणाला, "पेरू चांगले झालेत."

पोरं गेली. तो साचा आता मोरीत, साबणाखाली आहे. चिमणी भिंतीकडे करून ठेवला की बरोबर बसतो. पाणी छान निथळतं.